कुलूप नसलेली फाइल

वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तासभर बसलं की दोन मतं कानावर येतात. एक म्हणतं, मोबाइल आल्यापासून शिक्षक एकमेकांच्या जवळ आले. दुसरं म्हणतं, मोबाइल आल्यापासून शिक्षकांचं एकमेकांच्या वर्गात जाणं थांबलं. दोन्ही मतं प्रामाणिक आहेत आणि दोन्हींमागे वर्षानुवर्षांची नोकरी आहे. म्हणून मी ती दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. एक आहेत निवृत्त केंद्रप्रमुख, ज्यांची हयात मंगरुळपीर तालुक्यात गेली. दुसऱ्या आहेत मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षिका. तालुक्यात त्यांना 'तंत्रस्नेही मॅडम' म्हणून ओळखतात. माणसं कल्पित आहेत, त्यांचा वाद खरा आहे.

सर : मॅडम, सरळ विचारतो. तुमच्या मोबाइलवर शिक्षकांचे इतके ग्रुप आहेत, त्यांतल्या कितींवर पोरांच्या शिकण्याची गोष्ट निघते?

मॅडम : बहुतेकांवर नाही निघत, सर. केंद्राचा, तालुक्याचा, पोषण आहाराचा, यू-डायसचा, निवडणुकीच्या कामाचा, हे सगळे आदेशाचे ग्रुप. वरून पत्र येतं, खालून 'ओके सर' जातं. बारा वाजेपर्यंत माहिती भरा म्हणतात, आम्ही भरतो. आपला जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आपण. त्यामुळे आकड्यांचा तगादा जास्तच. पण या ग्रुपांना मी समूह म्हणतच नाही. मी बोलते आहे ते वेगळ्या ग्रुपबद्दल. त्यात वाशिम, यवतमाळ, हिंगोलीचे शिक्षक आहेत, अधिकारी एकही नाही, आणि कोणाला आग्रह करून घेतलेलं नाही.

सर : मग तिथं काय होतं?

मॅडम : निकालपत्रकाचंच सांगते. ऑगस्ट २०१० मध्ये शासन निर्णय निघाला, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. वर्षभराच्या आकारिक आणि सत्राअखेरच्या संकलित गुणांचं प्रमाण तेव्हा पहिली-दुसरीला ७०-३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. वर प्रत्येक विषयाची श्रेणी, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. हातानं करायचं म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर रात्री जायच्या. पुढे कोण्या एका सरांनी एक्सेलमध्ये पत्रक तयार केलं आणि ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. चौथीचे गुण भरले, सगळं छान. फक्त एका मुलीला गणितात ९१ गुण आणि श्रेणी आली अ-२. ९१ ला तर अ-१ यायला पाहिजे. मी ती श्रेणी हातानं खोडून नीट करणार होते, पण मनात आलं, ही चूक माझ्याच शाळेत झाली असेल काय? ग्रुपवर टाकलं. रिसोड तालुक्यातल्या एका सरांनी सूत्र उघडून पाहिलं. त्यात '९१ पेक्षा जास्त' असं होतं, 'पेक्षा जास्त किंवा तितकेच' नव्हतं. म्हणजे ८१, ७१, ६१ या प्रत्येक उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाची श्रेणी एक पायरी खाली जात होती. किती शाळांत तशीच गेली असेल, देव जाणे.

सर : मग?

मॅडम : मग त्यांनी सूत्र दुरुस्त केलं. ते पत्रक तिसरी-चौथीपुरतं होतं; कारंज्याच्या एका मॅडमनी ५०-५० करून पाचवीला लावलं. मूळ अक्षरं कृतिदेव फाँटमध्ये होती, मोबाइलवर नुसत्या खुणा दिसायच्या. दुसऱ्या एकानं सगळं युनिकोडमध्ये आणलं. आता ते पत्रक कोणाचं म्हणाल? मला नाही सांगता येत. आणि त्या उन्हाळ्यात मी एक्सेल जेवढं शिकले, तेवढं कोण्या प्रशिक्षणात शिकले नाही.

सर : हे मला पटलं. पण तुम्ही सांगितलं ते निकालपत्रक, मॅडम. ते कागदाचं काम. शिकवण्याचं काय? केंद्रं सुरू झाली ती नव्वदच्या दशकात. त्याआधी गटसंमेलनं व्हायची. महिन्याला एका शाळेवर जमायचं, कोणीतरी पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागं बसून पाहायचा. एक प्रसंग मला विसरता येत नाही. एक गुरुजी दुसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत होते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, सगळा सरंजाम. फळ्यावर ५२ वजा २७. एका पोरानं उत्तर लिहिलं ३५. गुरुजींनी 'चूक' म्हणून दुसऱ्याला विचारलं आणि पाठ पुढं नेला. पाठ संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी विचारलं, "त्या पोरानं ३५ कुठून आणले?" सगळे गप्प. मग त्यांनीच सांगितलं : पोरानं सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन काढले, तीन. मोठ्यातून लहान काढायचा हा नियम त्यानं स्वतः बसवला होता. त्याला वजाबाकी येत होती. वरचा अंक कोणता, खालचा कोणता, याचं महत्त्व त्याला कळलं नव्हतं. त्या दिवशी वीस-पंचवीस शिक्षक आपापल्या शाळेत गेले ते वह्या तपासायची रीत बदलून. हे तुमच्या ग्रुपवर कसं होणार? तिथं तर पोरगंच नसतं.

मॅडम : तसे म्हातारे गुरुजी प्रत्येक केंद्रात होते काय, सर?

सर : नव्हते. कबूल करतो. पुष्कळ गटसंमेलनांत चहा, परिपत्रकाचं वाचन आणि घरची वाट, एवढंच व्हायचं.

मॅडम : आमचं दुखणं तेच आहे. शाळेवर आम्ही दोघंच. पहिलीतली लेकरं घरी बंजारा बोलतात, मराठीचं पुस्तक त्यांच्यापुढं एकदम येतं. मला त्यांची बोली येत नव्हती. केंद्रात विचारलं, तिथंही कोणाला नव्हती. ग्रुपवर विचारलं तेव्हा दिग्रसकडच्या एका सरांनी, जे स्वतः तांड्यावर वाढले, रोज रात्री पाच-सहा वाक्यं बोलून पाठवली. 'पाणी पिऊन ये', 'तुझं नाव काय', 'घाबरू नको'. मी ऐकायचे, पाठ करायचे, सकाळी वर्गात बोलायचे. माझे उच्चार चुकले की पोरं हसायची आणि मला सुधारायची. दिग्रस तालुका आमच्या शेजारी, पण जिल्हा यवतमाळ. सरकारी रचनेत त्या सरांची नि माझी गाठ निवृत्तीपर्यंत पडली नसती.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. केंद्र, बीट, तालुका, जिल्हा या उतरंडीत शिक्षकाचा शेजारी कोण हे नकाशा ठरवतो. अडचण मात्र नकाशा पाहून येत नाही. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या शिक्षिकेचे खरे सहकारी दिग्रस-पुसदच्या तांड्यांवर आहेत. हे नातं जुळवण्याची ताकद मोबाइलमध्ये आहे, आणि मॅडमच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा मला वाटतो. सरांचा मुद्दाही तितकाच भक्कम आहे, आणि तो त्यांच्या वजाबाकीच्या गोष्टीत आहे : तिथे चूक सगळ्यांच्या देखत घडली होती, ती लपवायची सोय नव्हती.

सर : आता माझं ऐका. २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, त्याच्या आगेमागे डिजिटल शाळेची लाट आली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याला संदीप गुंड सरांनी टॅबवर शाळा उभी केली, ती पाहायला राज्यातून शिक्षक गेले. चांगलंच झालं. मग गावोगाव लोकवर्गणी निघाली. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून लोकांनी पाचशे-हजार दिले. प्रोजेक्टर आला, फीत कापली, फोटो निघाले. पुढे वीजबिल थकलं, जोडणी तोडली, प्रोजेक्टर कपाटात गेला. लोकांनी दिलेल्या पैशाचं मला वाईट वाटतं. त्याच काळात साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे मॅडमनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. तिथंही राज्यभरातून शिक्षक गेले. खडे, काड्या, फरशीवर आखलेले तक्ते. त्याला वीज लागत नव्हती.

मॅडम : कुमठ्याचं नाव तुमच्या मंगरुळपीरपर्यंत कसं आलं, सर?

सर : व्हिडिओ पाहिला होता.

मॅडम : म्हणजे मोबाइलवरच.

सर : मोबाइलवर पाहिला आणि मग गाडी करून गेलो. नुसता पाहून राहिलो असतो तर फरशीवर तक्ते आखून मोकळा झालो असतो. पुष्कळांनी तेच केलं. तक्ते आखले, पोरं मात्र पहिल्यासारखी रांगेत बसवली. तिथं गेल्यावर दिसलं की तिथल्या मॅडम पोराला प्रश्न विचारून किती वेळ थांबतात. ते थांबणं व्हिडिओत कापलेलं होतं.

मॅडम : हे बरोबर आहे. आम्हीही व्हिडिओ बनवताना मूल अडखळलं तो भाग कापतो.

सर : आणि दुसरं, फाइलींना कुलूप. तुमचं निकालपत्रक उघडं होतं म्हणून चूक सापडली. माझ्या केंद्रात फिरायच्या त्यांतल्या निम्म्या फाइलींना पासवर्ड. वर मोठ्या अक्षरात नाव, गाव, मोबाइल नंबर. गुण भरा, छापा, सूत्राला हात लावू नका. असं केल्यावर एक जण तंत्रस्नेही राहतो आणि बाकीचे शंभर त्याचे गिऱ्हाईक होतात.

मॅडम : कुलूप लावणाऱ्यांची बाजू मला ठाऊक आहे, सर. महिना-महिना जागून केलेली फाइल दुसरा कोणी नाव खोडून आपल्या नावानं पाठवतो. पुरस्काराच्या प्रस्तावालाही जोडतो. एकदा असं झालं की माणूस पुढच्या फाइलीला कुलूप लावतोच. आम्ही यावर बरेच दिवस भांडलो. मग ठरवलं : फाइल उघडी राहील, पण तिचं पहिलं पान नावांचं राहील. मूळ कोणी केली, सूत्र कोणी दुरुस्त केलं, युनिकोड कोणी केलं, कोणत्या तारखेला. जो काही बदलेल त्यानं खाली आपली ओळ लिहायची, वरची ओळ काढायची नाही. त्या पानावर चूक सापडवणाऱ्याचंही नाव असतं.

सर : चूक सापडवणाऱ्याचं?

मॅडम : हो. ९१ गुणांची चूक मी सापडवली म्हणून माझं नाव तिथं आहे. तोपर्यंत मला वाटायचं, आपल्याला सूत्रं येत नाहीत, आपण काय बोलायचं. त्या ओळीनंतर मी बोलायला लागले.

मॅडमच्या या अनुभवाला अभ्यासाचाही आधार आहे. जीन लेव्ह आणि एटीएन वेंगर यांनी १९९१ मध्ये एका छोट्या पुस्तकात युकातानमधल्या सुइणी, लायबेरियातले शिंपी, जहाजावरचे नौकानयन करणारे अशा लोकांचं शिकणं तपासलं. नवखा माणूस आधी कडेला असतो, त्याला छोटं पण खरं काम मिळतं, आणि ते करत करत तो मध्याकडे सरकतो. लायबेरियातला उमेदवार शिंपी बटणं लावणं आणि शिवण संपवणं इथून सुरुवात करतो. कापड कापायला त्याला बऱ्याच उशिरा मिळतं. अशा शिकणाऱ्या समूहांच्या कल्पनेवर पुढे जगभर प्रशिक्षणाच्या योजना उभ्या राहिल्या, पण त्यांत कडेच्या माणसाला द्यायच्या कामाचा विचार क्वचितच झाला. 'साहित्य डाउनलोड करा आणि वापरा' यात नवख्याला करण्यासारखं काही नाही. चूक सांगणं हे मात्र कडेला बसून करता येण्याजोगं खरं काम आहे. ग्रुपमध्ये महिनोन्‌महिने नुसतं वाचणाऱ्या शिक्षकाला आळशी म्हणण्याआधी त्याला असं काही काम दिलं होतं का, हे विचारायला हवं.

सर : मग रणजितसिंह डिसले सरांसारख्यांचं काय? ३ डिसेंबर २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यांच्या परितेवाडीच्या शाळेचं नाव जगात गेलं. त्यानंतर प्रत्येक तालुक्याला आपला एक डिसले पाहिजे झाला. एक मोठा झाला की बाकीचे पाहणारे होतात, ही माझी भीती आहे.

मॅडम : त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली, हेही सांगा. त्यांनी आपल्या शाळेत वापरलेले क्यूआर कोड पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले. एका शाळेतली गोष्ट सगळ्यांची झाली. भीती खरी आहे, पण ती डिसले सरांपासून नाही. आपल्याकडे पुरस्कार एकट्याला द्यायची रीत आहे, तिच्यापासून आहे. त्या नावांच्या पानाला कोणी पुरस्कार देईल काय?

सर : देणार नाही. प्रस्तावाच्या नमुन्यात एकच नाव मावतं.

मॅडम : आणि बदल्यांचंही बोला, सर. फेब्रुवारी २०१७ चा शासन निर्णय आला आणि पुढच्या वर्षी ऑनलाइन बदल्या झाल्या. आमच्या केंद्रात चार जणांची चांगली घडी बसली होती, चौघं चार दिशांना गेले. समूह केंद्राचा असता तर त्या दिवशी संपला असता. तो माणसांचा होता म्हणून टिकला. उलट चार नव्या केंद्रांत गेला.

सर : तो गेला, पण त्या केंद्रांतल्या इतरांना कळलं काय? तुमचे चौघं मोबाइलवर एकमेकांशी बोलत राहिले आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंना पत्ता नाही. माझा तंत्रस्नेहींवरचा खरा राग हा आहे, मॅडम. दूरच्या माणसाशी जमतं, कारण दूरचा माणूस निवडता येतो. शेजारचा निवडता येत नाही. आणि शाळा शेजारच्याबरोबरच चालवायची असते.

मॅडम लगेच काही बोलल्या नाहीत. मलाही हा घाव वर्मी लागणारा वाटतो. निवडलेल्या माणसांचा समूह लवकर फुलतो, पण ज्या शिक्षकाला सर्वांत जास्त गरज असते तो त्यात नसतो. तो मोबाइलला घाबरतो, किंवा चिडतो, किंवा निवृत्तीला दोन वर्षं उरली म्हणून गप्प असतो. त्याच्या वर्गात पस्तीस मुलं असतात.

मॅडम : हे खरं आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत याचा अनुभव आला. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणून रोज अभ्यासमाला यायची. ग्रुपवर दुवे फिरायचे. आमच्या तांड्यावर मोबाइल मोजक्या घरांत, आणि तोही बापाबरोबर शेतात जायचा. तेव्हा पालघरकडे पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून शाळा भरवतात हे ग्रुपवर कळलं. मी शाळेतल्या माझ्या वरिष्ठ सरांना सांगितलं. त्यांना ॲप उघडता येत नाही, पण देवळाचा भोंगा कोणाच्या ताब्यात आहे, त्याला कसं विचारायचं, बाया कामावर जायच्या आधी किती वाजता लावायचा, हे त्यांना ठाऊक. त्यांनी ते जमवलं. मला ते जमलं नसतं. पण आमच्या नावांच्या पानावर त्यांचं नाव लिहायचं मला सुचलं नाही, कारण ते ग्रुपमध्ये नव्हते.

सर : मग आता काय करायचं ते बोलू. शिक्षण परिषद महिन्याला होतेच. हक्काचा सरकारी वेळ आहे. तो तुमच्या ग्रुपला मिळत नाही, आणि माझ्या परिषदेला तुमच्या ग्रुपचा मोकळेपणा मिळत नाही.

मॅडम : एक करता येईल. प्रत्येकानं एक वही आणायची. चुकलेली. मूल उत्तरापर्यंत कसं गेलं हे आपल्याला कळलं नाही अशी. मोबाइलवर फोटो घ्यायचा, प्रोजेक्टरवर मोठा करायचा आणि सगळ्यांनी बसून शोधायचं, ३५ कुठून आले.

सर : आणि ज्याला फोटो काढता येत नाही त्यानं वही हातात धरून उभं राहायचं. त्यानंतर अर्धा तास त्याच शाळेतल्या वर्गात जायचं. जपानमध्ये शिक्षक असंच करतात म्हणे.

मॅडम : करतात. पाठ सगळे मिळून आखतात, घेतो एक जण, बाकीचे उभे राहून मुलांकडे पाहतात, शिकवणाऱ्याकडे नाही. मग पाठ दुरुस्त करून दुसरा कोणी दुसऱ्या वर्गावर घेतो. ती रीत तिथं फार जुनी आहे. १९९९ मध्ये स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या पुस्तकानं ती अमेरिकेला नीट कळली.

सर : आमच्या आदर्श पाठात आम्ही गुरुजींकडेच पाहायचो. एक म्हातारे गुरुजी सोडून.

मॅडम : पण माझी एक अट आहे, सर. त्या तासाला अधिकारी नको. गटशिक्षणाधिकारी मागं बसले की कोणी चुकलेली वही आणणार नाही. सगळे सुवाच्य अक्षराच्या वह्या आणतील.

सर : ही अट मला मान्य नाही. अधिकाऱ्याला बाहेर ठेवलं तर तो तास पहिल्या तातडीच्या पत्राबरोबर रद्द होतो. मी अशी पत्रं वाचून दाखवलेली आहेत. अधिकारी आत पाहिजे, पण पहिली चूक त्यानं मांडायची. केंद्रप्रमुखानं स्वतः पाठ घ्यायचा आणि फसलेला पाठ सांगायचा. मग बघा, बाकीचे बोलतात की नाही.

मॅडम : एखादा मांडेलही. पण माझ्या वर्गातली चूक त्यांनी पाहिली आणि उद्या तीच गोपनीय अहवालात आली तर? तुम्ही तसं केलं नसतं, पण तुमच्यानंतर येणाऱ्याचा भरवसा मी का धरू?

सर : परिषदेचा अहवाल तर वर पाठवावाच लागतो. त्यात काय लिहायचं?

मॅडम : किती वह्या पाहिल्या, कोणत्या चुका दिसल्या, त्या दुरुस्त करायला काय ठरलं, सगळं लिहा. वही कोणत्या शाळेतली, कोणाच्या वर्गातली, तेवढं लिहायचं नाही.

सर : शाळेचं नाव नसलेला अहवाल वरून परत येतो, मॅडम.

मॅडम : येऊ द्या. परत तसाच पाठवायचा.